ग्रंथपालाची शिफारस आणि समीक्षादृष्टी : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात कथा व कथेतर ग्रंथांच्या मिश्र यादीचा विचार

सारांश

सार्वजनिक ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनी वाचकांसाठी तयार केलेली शिफारस-यादी ही वरवर पाहता ग्रंथालयीन कामकाजातील एक किरकोळ बाब वाटते. वस्तुतः निवड, तुलना आणि मूल्यनिर्णय या तिन्ही क्रिया तिच्यात घडत असल्याने ती समीक्षेचीच एक कृती ठरते. कथा आणि कथेतर ग्रंथांचे प्रमाण राखले की यादी वैविध्यपूर्ण होते, हा रूढ समज प्रस्तुत लेखात तपासला आहे. महाड व पोलादपूर या तालुक्यांशी निगडित ग्रंथांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, यादीचे वैविध्य ग्रंथांच्या परस्परसंवादावर अवलंबून असते आणि तो संवाद वाचकाला त्याच्या ठरलेल्या स्मृतीपलीकडे नेतो किंवा नाही, ही यादीची खरी कसोटी होय.

बीजसंज्ञा : शिफारस-यादी, ग्रंथपाल, कथा, कथेतर, ललित, बखर, आत्मकथन, महाड, पोलादपूर.

१. प्रस्तावना

मराठी समीक्षेने लेखकाचा विचार केला, कलाकृतीचा केला आणि गेल्या काही दशकांत वाचकाचाही केला. परंतु कलाकृती आणि वाचक यांच्यामध्ये प्रत्यक्ष उभा असणारा जो मनुष्य, म्हणजे ग्रंथालयाच्या देवघेव विभागातील कर्मचारी, त्याच्याकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले. मोठ्या शहरातील वाचकापुढे पुस्तकांची दुकाने, प्रदर्शने, नियतकालिकांतील परीक्षणे आणि साहित्यविषयक कार्यक्रम असे अनेक मार्ग खुले असतात. तालुक्याच्या गावी ही साधने तुटपुंजी असतात. तेथे "काही चांगले वाचायला द्या" या वाचकाच्या मागणीला ग्रंथपाल जे उत्तर देतो, तेच पुष्कळ वाचकांच्या वाट्याला येणारे एकमेव साहित्यविषयक मार्गदर्शन असते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये राज्यातील ग्रंथालय व्यवस्थेला कायद्याचा आधार मिळाला. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले आणि त्यांना अनुदान मिळू लागले. वर्ग ठरविताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकांची संख्या अशा मोजता येणाऱ्या बाबी पाहिल्या जातात, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र ग्रंथपालाने कोणत्या वाचकाच्या हाती कोणते पुस्तक आणि का दिले, याची नोंद कोणत्याही तपासणी-अहवालात होत नाही. ग्रंथालयाच्या कार्यातील सर्वांत नाजूक भाग असा मोजमापाच्या बाहेर राहतो.

प्रस्तुत लेखाची व्याप्ती रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांपुरती मर्यादित आहे. सावित्री नदीच्या खोऱ्यातील या भूभागाला इतिहासाने आणि साहित्याने विलक्षण घनता दिली आहे. रायगड, चवदार तळे, शिवथरघळ, उमरठ आणि कवींद्र परमानंदांची समाधी ही स्थळे एकमेकांपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहेत. अशा परिसरातील ग्रंथालयाने केलेली शिफारस कशी असावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ ग्रंथालयशास्त्राचा राहत नाही.

२. शिफारस ही समीक्षा कशी?

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते, तर तिसरे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते. ही दोन सूत्रे एकत्र वाचली की ग्रंथपालाचे काम दुहेरी असल्याचे लक्षात येते. वाचकाची मागणी पुरविणे हा त्याचा एक भाग आहे. ज्या ग्रंथाला कोणी मागत नाही, त्या ग्रंथाची बाजू वाचकापुढे मांडणे हा दुसरा भाग होय. ग्रंथाची बाजू मांडण्यासाठी तो वाचलेला असावा लागतो, त्याचे गुण व मर्यादा ठाऊक असाव्या लागतात आणि इतर ग्रंथांच्या तुलनेत त्याचे स्थान निश्चित करता यावे लागते. या कार्याला समीक्षेखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत 'वाचक-सल्ला सेवा' या नावाने ही शाखा विकसित झाली. जॉइस सॅरिक्स यांच्या १९८९ मधील ग्रंथाने वाचकाला पुस्तकाकडे ओढणारे घटक कोणते, याची चर्चा केली. कथनाची गती, व्यक्तिचित्रण, कथानक आणि वातावरण या घटकांच्या आधारे एका पुस्तकाकडून दुसऱ्या पुस्तकाकडे वाचकाला कसे नेता येते, हे त्यांनी दाखविले. आरंभी हा विचार कादंबरीपुरताच होता. नील वायट यांच्या २००७ मधील ग्रंथाने तो कथेतर वाङ्मयाला लागू केला. कथा आणि कथेतर यांची एकत्रित शिफारस हा विषय तेथेही असा तुलनेने अलीकडचाच आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आपल्याकडे ग्रंथालय संचालनालयामार्फत शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध होते. ती यादी ग्रंथालयांना खरेदीसाठी उपयोगी पडते. तिचा रोख संस्थेकडे असतो, वाचकाकडे नसतो. खरेदीची यादी ग्रंथ कपाटापर्यंत आणते; कपाटातून वाचकाच्या हातापर्यंतचे अंतर शिफारशीनेच ओलांडले जाते.

३. 'कथा' आणि 'कथेतर' : विभागणीच्या मर्यादा

मिश्र यादीचा विचार करताना प्रथम या दोन संज्ञांचीच तपासणी आवश्यक ठरते. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक मिळतो, इतिहास व चरित्रे ९०० च्या गटात जातात. ग्रंथ जागेवर सापडण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण फडताळावरील जागा म्हणजे ग्रंथाचे स्वरूप नव्हे. मराठीतील 'ललित' ही संज्ञा कथा-कादंबरीपुरती कधीच मर्यादित नव्हती. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' हे ललित लेखन आहे आणि निसर्गाविषयीचे ज्ञानही. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' महाभारतातील व्यक्तिरेखांचे विश्लेषण करते. तरी वाचकाला ते कादंबरीइतकेच बांधून ठेवते. ही पुस्तके कोणत्या बाजूला मोजावयाची, हा प्रश्न यादी करणाऱ्यापुढे उभा राहतोच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पोलादपुरातच आहे. कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूर येथे आहे. नेवाशाच्या या कवीने रचलेले 'शिवभारत' हे संस्कृत काव्य आहे. उपमा-उत्प्रेक्षांनी नटलेले, पुराणांच्या धाटणीचे असे हे महाकाव्य होय. स. म. दिवेकर यांनी ते १९२७ मध्ये संपादित करून मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून शिवचरित्राचे समकालीन साधन म्हणून इतिहासकारांनी ते सातत्याने वापरले. पोलादपूरच्या माथ्यावरील प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी घडलेल्या अफजलखान-प्रसंगाच्या अभ्यासात 'शिवभारत' टाळता येत नाही. एकच ग्रंथ काव्याच्या कपाटात ठेवला तर अभ्यासकाला सापडत नाही आणि इतिहासाच्या कपाटात ठेवला तर काव्यरसिकाला सापडत नाही.

बखरींबाबतही असेच म्हणावे लागते. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजी येथे लिहिलेली बखर इतिहासाचे साधन आहे आणि मराठी गद्याचा अस्सल नमुनाही. आत्मकथनांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. महाड तालुक्यातील लाडवली येथे जन्मलेले कॉम्रेड आर. बी. मोरे यांनी आपल्या आयुष्याची हकीकत लिहावयास घेतली. ती अपुरी राहिली. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी पुढील भाग चरित्ररूपाने पूर्ण केला आणि ग्रंथ २००३ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. त्याचा पूर्वार्ध आत्मकथन आहे, उत्तरार्ध चरित्र आहे आणि दासगाव-महाड परिसरातील जातिव्यवस्थेपासून मुंबईच्या कामगार चळवळीपर्यंतचा सामाजिक इतिहास त्यात सलग उलगडतो. नोंदवहीतील 'चरित्र' या रकान्यात त्याची जागा ठरते. त्याचा आवाका मात्र त्या रकान्यात मावत नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले की पाचगणीच्या वाटेवर भिलार हे गाव लागते. ४ मे २०१७ रोजी तेथे 'पुस्तकांचं गाव' हा शासकीय उपक्रम सुरू झाला. वेल्समधील हे-ऑन-वे या गावाच्या कल्पनेवरून प्रेरित असलेल्या या उपक्रमात आरंभी २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके ठेवण्यात आली. गावकऱ्यांच्या घरांत पुस्तके असणे आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येणे ही निःसंशय मोलाची गोष्ट आहे. मात्र तेथील मांडणी साहित्यप्रकारानुसार आहे. एका घरी कादंबरी, दुसऱ्या घरी कविता, तिसऱ्या घरी इतिहास. ज्याला कादंबरी आवडते तो कादंबरीच्या घरी बसतो आणि तेथूनच परततो. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचे कारण त्याला कोणीतरी द्यावे लागते. ते कारण देणे हेच शिफारस करणाऱ्याचे काम होय.

४. प्रमाणाचा भ्रम

दहा पुस्तकांची यादी करावयाची, त्यांत पाच कादंबऱ्या व पाच माहितीपर पुस्तके घ्यावयाची आणि तिला वैविध्यपूर्ण म्हणावयाचे, ही पद्धत सोयीची आहे. परंतु पाच ऐतिहासिक कादंबऱ्या आणि त्याच नायकाची पाच गौरवपर चरित्रे घेतली, तर प्रमाण अचूक साधूनही वाचकाला ऐकू येणारा स्वर एकच राहतो. याउलट दोनच पुस्तके शेजारी ठेवून संपूर्ण वादक्षेत्र उघडता येते.

उमरठचे उदाहरण घेता येईल. पोलादपूर तालुक्यातील हे गाव तानाजी मालुसरे यांचे. त्यांची समाधीही तेथे आहे. ह. ना. आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी पिढ्यान्पिढ्या वाचली गेली. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातील घोरपडीची कथा तर घराघरांत पोहोचली. सभासदाच्या बखरीत कोंढाण्याच्या मोहिमेचे वर्णन आहे, पण तेथे घोरपड नाही. निवडक मावळे वानरांप्रमाणे कडा चढून गेले असे तेथे सांगितले आहे. शिवाय 'सिंहगड' हे नाव १६७० पूर्वीच्या कागदपत्रांतही आढळते, याकडे इतिहासकारांनी लक्ष वेधले आहे. कादंबरी, पोवाडा आणि बखर ही तीन लेखने एकत्र दिली तर उमरठच्या शाळकरी मुलालाही इतिहास कसा सांगितला जातो, कसा वाढत जातो आणि लोकमनाला काय हवे असते, हे कळू शकते.

येथे एक धोका संभवतो. कथेतर ग्रंथ हा कथेची चूक दाखविणारा पंतोजी आहे, अशा थाटात जोडी लावली तर दोन्ही ग्रंथांवर अन्याय होतो. घोरपड बखरीत नाही एवढ्याने पोवाडा खोटा ठरत नाही. अशक्यप्राय कडा चढून जाण्याच्या धैर्याला लोकांनी दिलेली ती प्रतिमा आहे, आणि प्रतिमेचा अर्थ लावणे हे साहित्याच्या वाचनाचे अंगच आहे. शिफारशीसोबत जोडावयाच्या दोन-तीन ओळींच्या टिपणात हे तारतम्य दिसावयास हवे. "कादंबरीत काय घडले ते पाहा, बखरीत काय सापडते ते पाहा आणि पोवाड्याने काय जपले ते ऐका" एवढे सांगणारे टिपण वाचकाला निर्णय देत नाही, निर्णयाची सामग्री देते.

असे तारतम्य एकाच वेष्टनात साधल्याचे उदाहरण मराठीत आहे. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला नरहर कुरुंदकर यांची दीर्घ प्रस्तावना आहे. ती मुळात लेखकाला लिहिलेल्या पत्राच्या स्वरूपात आहे. शिवचरित्राची साधने कितपत विश्वसनीय आहेत, शिवाजी महाराजांचे मोठेपण कोणत्या कसोटीवर मांडावे, असे मूलभूत प्रश्न तीत उपस्थित होतात. कादंबरीकाराने समीक्षकाचे प्रश्न आपल्याच ग्रंथाच्या आरंभी छापले, ही घटना लक्षणीय आहे. पुष्कळ वाचक प्रस्तावना ओलांडून थेट कादंबरीकडे वळतात. "कादंबरी संपल्यावर प्रस्तावनेकडे परत या" एवढे एक वाक्य सांगणारा ग्रंथपाल कोणतेही नवे पुस्तक न देता कथा-कथेतर मिश्रण साधतो.

प्रमाणाच्या भ्रमाची दुसरी बाजू कथेतर या संज्ञेच्या संकोचात दिसते. आज अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत अभ्यासिकेतील गर्दी वाढलेली आहे आणि ती मुख्यतः स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची आहे. परिणामी कथेतर म्हणजे परीक्षेची मार्गदर्शके आणि यशाची सूत्रे सांगणारी अनुवादित पुस्तके, असे समीकरण रूढ होऊ पाहते. या विद्यार्थ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांची गरज खरी आहे. परंतु महाड तालुक्यातीलच नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, ही माहिती विद्यार्थी एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ करतो. त्याच देशमुखांनी कालिदासाच्या 'मेघदूता'चा मराठीत अनुवाद केला, हे त्याला सहसा ठाऊक नसते. परीक्षा देणाऱ्या मुलाच्या हाती त्या अनुवादाची प्रत ठेवणे हे ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यालाच सुचू शकते, कारण तो विद्यार्थी त्याच्या रोजच्या पाहण्यातला असतो.

५. दोन स्मृती, दोन कपाटे

महाड परिसराच्या संदर्भात मिश्र यादीचा सर्वांत कठीण प्रश्न वाङ्मयप्रकाराचा नाही. तो स्मृतीचा आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. एकाच तालुक्यातील या घटनांची स्मृती मराठी समाज सामान्यतः वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मेळाव्यांत जागवितो. ग्रंथप्रदर्शनेही बहुधा दिनदर्शिकेनुसार भरतात. शिवजयंतीला एक मांडणी, १४ एप्रिलला दुसरी. मांडणी पाहावयास येणारा वर्ग जर दोन्ही वेळी निराळा असेल, तर ग्रंथालयात दोन्ही प्रकारची पुस्तके असूनही प्रत्येक वाचकाच्या दृष्टीने ग्रंथालय अर्धेच राहते. वाचकाचे आडनाव ऐकून पुस्तक सुचविण्याची सवय जेथे जडते, तेथे ते अर्धेपण कायमचे होते.

चवदार तळ्याचा इतिहासच या बाबतीत मार्गदर्शक आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्याचे कागदावर ठरले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही १९२७ पर्यंत अस्पृश्यांना त्या तळ्याचे पाणी प्रत्यक्षात घेता आले नाही, आणि सत्याग्रहानंतर चाललेल्या दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयातून १९३७ मध्ये लागला. ठरावाने खुले होणे आणि व्यवहारात खुले होणे यांतील अंतर या दोन तारखांवरून मोजता येते. पाण्याच्या हक्काची आणि पुस्तकाच्या शिफारशीची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येणार नाही. एका ठिकाणी माणूसपणाचा प्रश्न होता, दुसऱ्या ठिकाणी वाचनाच्या संधीचा आहे. परंतु सूचीत नोंद असलेले पुस्तक सर्वांसाठी खुले आहे असे गृहीत धरणाऱ्या ग्रंथालयाने हा धडा विसरता कामा नये. वाचकाला 'हे पुस्तक आपल्यासाठी नाही' असे वाटत असेल, तर ते कपाट उघडे असूनही बंदच असते.

दोन्ही स्मृतींना जोडणारे साहित्य मराठीत मुबलक आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचला. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या दृष्टीने शिवचरित्र पाहण्याचा तो आरंभ होय. गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका त्याच परंपरेत वाचता येते. स्वतः डॉ. आंबेडकर डिसेंबर १९२७ च्या परिषदेनंतर रायगडावर गेले होते, ही नोंद दोन्ही मेळाव्यांत सांगितली जावी इतकी महत्त्वाची आहे. ज्या दोन स्थळांना आज दोन कपाटांत ठेवले जाते, ती त्या आठवड्यात एकाच प्रवासाचे टप्पे होती.

या विषयावरील मिश्र यादी प्रत्यक्षात कशी असू शकेल? आर. बी. मोरे यांचे वर उल्लेखिलेले आत्मकथन-चरित्र सत्याग्रहाची स्थानिक पूर्वतयारी दाखविते. सत्याग्रह बाहेरून आलेला नव्हता, तो याच मातीतील तरुणांनी उभा केला होता, हे त्यातून कळते. धनंजय कीर यांचे आंबेडकर-चरित्र घटनाक्रम देते. आनंद तेलतुंबडे यांचा महाडच्या संगरावरील २०१६ मधील इंग्रजी ग्रंथ विश्लेषण पुरवितो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा १९८९ मधील ग्रंथ आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींमधून त्या घटनांची दुसरी बाजू उघड करतो. या चार कथेतर ग्रंथांसोबत बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ मधील कथासंग्रह ठेवला की एक निराळीच गोष्ट घडते. कायद्याने तळे खुले झाल्यानंतरही जात कोणत्या खोलीत, कोणत्या घरमालकाच्या नजरेत जिवंत राहते, हे कथा सांगते. इतिहासग्रंथाचे ते कामच नव्हे. उर्मिला पवार यांच्या कथा आणि 'आयदान' हे आत्मकथन शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातून येते. त्यातील बोली, बाजाराची वाट आणि डोक्यावरचे ओझे महाड-पोलादपूरच्या वाचक स्त्रीला परके वाटणार नाही. अशा यादीत कथा किती आणि कथेतर किती, हे मोजण्याची गरज उरत नाही. प्रत्येक ग्रंथ दुसऱ्याने न सांगितलेले सांगतो, म्हणून तो तेथे असतो.

६. डोंगर, स्थलांतर आणि आपत्ती

वाचकाच्या वर्तमान जगण्याशी जोडलेली यादी हा मिश्र शिफारशीचा दुसरा आधार होय. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दुर्घटना घडल्या. महाड शहराने त्या वेळी पुराचे पाणी घरादारांत शिरलेले पाहिले. डोंगर कोसळतो म्हणजे काय होते, हे जाणून घेण्याची भूक या परिसरात केवळ कुतूहलाची नाही.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीचा अहवाल २०११ चा. त्यावर मोठे वाद झाले. गाडगीळ यांचे 'सह्याचला आणि मी' हे २०२३ मधील आत्मकथन त्या वादामागील माणूस आणि त्याची आयुष्यभराची डोंगरफिरती वाचकापुढे ठेवते. अहवाल वाचणे कठीण वाटणाऱ्या वाचकाला आत्मकथनाची वाट सोपी असते. त्याच्या जोडीला गो. नी. दांडेकर यांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी देता येईल. मुंबई सोडून राजमाचीवर परतणारा बुधा ज्या निष्ठेने झाडांशी आणि खडकांशी नाते जोडतो, ते कोणत्याही अहवालात येऊ शकत नाही. आणि उलट, डोंगर हे केवळ रमणीय स्थान नसून त्याच्या उतारावर माणसांची वस्ती धोक्यातही असते, हे कादंबरीतून कळत नाही. पोलादपूरच्या वाड्यांतील कित्येक कुटुंबांचे अर्धे आयुष्य मुंबईत आणि अर्धे गावी गेलेले असते. त्यांच्या दृष्टीने ही जोडी सौंदर्य आणि सुरक्षितता यांविषयीचा स्वतःच्या घरातलाच वाद ठरते.

७. संभाव्य आक्षेप

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला आक्षेप असा की, ग्रंथपालाने तटस्थ राहावे. त्याने शिफारस केली की त्याची मते वाचकावर लादली जातात. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु शिफारस न करणे हीसुद्धा तटस्थता नव्हे. दर्शनी कपाटात कोणती पुस्तके ठेवली आणि कोणती मागे गेली, यातूनही शिफारस होतच असते. ती केवळ अबोल असते आणि म्हणून तिला जाब विचारता येत नाही. टिपणासह केलेली उघड शिफारस वाचकाला असहमतीची संधी देते.

दुसरा आक्षेप वाचकाच्या आवडीचा. दिवसभर राबून आलेल्या वाचकाला विरंगुळा हवा असतो. त्याच्यावर समाजशास्त्र कशासाठी लादावे? यावर उत्तर असे की, मिश्र यादी कोणाचीही कादंबरी काढून घेत नाही. ती कादंबरीच्या शेजारी एक दार उघडे ठेवते. विरंगुळा म्हणून घेतलेल्या ऐतिहासिक कादंबरीतूनच इतिहासाच्या वाचनाकडे वळलेले वाचक मराठीत कमी नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वास्तव आहे. ग्रामीण ग्रंथालयांतील कर्मचारी अल्प मानधनावर काम करतात. ग्रंथांची देवघेव, नोंदवह्या, अनुदानाचे प्रस्ताव आणि साफसफाई ही सर्व कामे पुष्कळदा एकाच व्यक्तीवर असतात. त्याच्याकडून समीक्षकाची अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे? ही अपेक्षा विनामूल्य करणे निश्चितच न्याय्य नाही. शिफारस हे काम म्हणून मान्य व्हावयाचे असेल तर त्यासाठी वाचनाचा वेळ, प्रशिक्षण आणि योग्य मोबदला मिळाला पाहिजे. या कामी स्थानिक महाविद्यालयांचे मराठी, इतिहास व भूगोल विभाग सार्वजनिक ग्रंथालयांना साहाय्य करू शकतील. प्राध्यापकांनी संदर्भ पुरवावेत, विद्यार्थ्यांनी टिपणे लिहावीत आणि अंतिम निवड वाचकांना ओळखणाऱ्या ग्रंथपालाने करावी, अशी विभागणी व्यवहार्य आहे. १५ ऑक्टोबर रोजी साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन भाषणांऐवजी अशा एखाद्या यादीच्या प्रकाशनाने अधिक अर्थपूर्ण होईल.

८. समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील मुद्दे स्पष्ट होतात. शिफारस-यादी ही समीक्षेची कृती आहे आणि तिला समीक्षेचेच निकष लावले पाहिजेत. कथा व कथेतर ही विभागणी व्यवस्थेसाठी आवश्यक असली तरी 'शिवभारत', सभासदाची बखर किंवा आर. बी. मोरे यांचे आत्मकथन-चरित्र अशा ग्रंथांपुढे ती अपुरी पडते. म्हणून मिश्रणाचा निकष संख्येचा असू नये. शेजारी ठेवलेले ग्रंथ एकमेकांना प्रश्न विचारतात का, हे पाहिले पाहिजे. आणि महाड-पोलादपूरसारख्या परिसरात त्याहून पुढचा प्रश्न असा की, रायगडाची कादंबरी मागणाऱ्या वाचकापर्यंत चवदार तळ्याचे पुस्तक पोहोचते का आणि तळ्याचा इतिहास वाचणाऱ्यापर्यंत गडाचा इतिहास पोहोचतो का. जेथे तो पोहोचतो, तेथील ग्रंथालय ड वर्गात असले तरी त्याने सार्वजनिक हे विशेषण सार्थ केले, असे म्हणता येईल.